सासूबाईंची शेगडी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय म्हणून माझी कीव करू नका — मला ती नकोय.

माझी पोर सिझरनं झाली, वाशिमला. अनसिंगला घरी आणल्यावर सासूबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवली. गोवऱ्यांचा निखारा, वर ओव्याची धुरी. टाक्यांना शेक नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण निम्म्या गावाच्या बाळंतिणी सासूबाईंच्या हाताखालून गेलेल्या — त्यांना कोण शिकवणार? मीही पडून राहिले. खरं सांगू? बरं वाटायचं.

पोर वर्षाची झाली नि घरात सुरू झालं, आता एक पोरगा होऊ दे. मला नको होतं. मुलगा नको, मुलगी नको, पुन्हा ते ऑपरेशनचं टेबल नको. यात मी काय वाईट मागितलं? मला त्याची आजही तसूभर लाज नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं — घाई केली तर गर्भपिशवीवरचा टाका पुढच्या खेपेला उसवू शकतो, वार तिथंच चिकटून बसू शकते, म्हणून अजून वर्षभर थांबा. तुमची शिवण चांगली भरलीय, मग तपासण्या करत दुसरं होऊ द्या. मी घरी येऊन अर्धंच सांगितलं. पिशवी फाटेल, म्हणाले. दुसरं राहिलं तर मी मरेन.

पोरग्याचा विषय तिथंच बंद झाला. मी जिंकले होते. तेवढ्यात सासूबाई चुलीपाशी आल्या नि हळूच म्हणाल्या, "माह्या शेकानं झालं का वं हे?"

नाही — एवढा एक शब्द होता. शेकाचा नि आतल्या टाक्याचा काही संबंध नव्हता, आणि टाका तर धडधाकट होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग कशानं? मी भाकरी थापत राहिले. खोटं बोलले त्याचं मला काही नाही. हे गप्प बसणं — हा माझा गुन्हा.

पोर आता नववीत आहे. त्या दिवसापासून सासूबाईंनी एकाही बाळंतिणीला हात लावलेला नाही. शेगडी गोठ्यात गंजली. काल शेजारीण आली. तिची लेक बाळंत होऊन माहेरी आलीय. बाळाला न्हाऊ घालायला चला, म्हणाली.

"नाई वं बाई," सासूबाई म्हणाल्या, "माह्या हातानं माह्याच सुनेची पिशवी खराब झाली."

मी तिथंच होते, चहा गाळत. शेजारणीला साखर किती घालू, तेवढंच विचारलं.