परदेशी पाहुणा म्हणून भाऊ घरी आला

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी जपानला गेला, तेव्हा अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात सुमो म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडं एका तालमीत बाहेरदेशचा एकच पैलवान ठेवतात. ती जागा त्याला मिळाली, एवढंच कळलं.

बारा वर्षांनी त्याचा गुडघा गेला. फोन आला. "ताई, वस्ताद म्हणून इथंच राहता येतं. पण खेळणं सोडायच्या आधी इथलं नागरिक व्हावं लागतं. आपलं नागरिकत्व जातं मंग."

आमचे वडील, अण्णा, स्वतः जुने पैलवान. त्यांनी फोन घेतला. "कुस्तीशिवाय तुला येतं काय लेका? होऊन जा तिथला," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन उन्हात जाऊन उभे राहिले.

पुढच्या हिवाळ्यात तो व्हिसा काढून घरी आला. परदेशी माणूस घरात उतरला की पोलिसांना लगेच कळवावं लागतं. तो अर्ज मी भरला. जन्मगाव म्हणून आमचंच गाव लिहिलं. तिकडचा नागरिक होताना घेतलेलं त्याचं नवं जपानी नाव मला लिहिता येईना. त्यानं शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं.

"आता तरी त्यांचा झालास ना?" मी विचारलं.

"कागदावर झालो. तालमीत शेवटच्या कुस्तीपर्यंत बाहेरचाच मोजला मला."

संध्याकाळी अण्णांनी अंगणातून त्याला हाक मारली, घरच्या नावानं. तो पाठमोरा बसला होता. वळला नाही. दुसरी हाक, तिसरी. शेवटी मी खांद्याला हात लावला, तसा तो दचकला.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावून राह्यलेत."

अण्णांनी ते ऐकलं.

वीस दिवसांनी तो गेला. आता दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करतो. तब्येत विचारतो, हसतो, तिकडची पोरं सराव करताना दाखवतो. अण्णाही बराबर बोलतात. पण फोन बंद झाला की थोड्या वेळानं जेवता जेवता त्यांचा हात थांबतो.

"आला का गं?"

"कोण अण्णा? आत्ताच तर बोललात त्याच्याशी."

"ह्यो न्हाई. तो पहिला. जपानला गेल्ता तो."

पहिल्यांदा मी त्यांना समजावलं होतं. आता उठते, दारापर्यंत जाते. बाहेर कापसाचं रान, रस्त्यावर कुणी नाही. तरी मी जरा वेळ थांबून बघते.