पायरी झाडण्याचा हक्क

परदेशात शिकत असताना क्लेटन या उपनगरातल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मी साफसफाई करायचो. युनिव्हर्सिटीपासून चालत दहा मिनिटं. त्या काळात एकेका पार्टटाइम कामामागे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची रांग असायची, म्हणून ते काम मी जिवापाड सांभाळत होतो.

त्या वर्षी जेरुसलेमहून त्यांचा एक म्हातारा बिशप महिनाभर राहायला आला. तिथल्या पवित्र जागांवर दुसरे ख्रिस्ती पंथ हक्क सांगतात, त्यांच्याविरुद्ध तो देशोदेशी पाठिंबा मागत फिरत होता. आधी मला तो आपल्यातलाच वाटला. आमच्या वस्तीत पाठ्यपुस्तकांआधी चळवळीची पत्रकं यायची. बुद्धगयेचा महाविहार बौद्धांच्या ताब्यात हवा, हे मी बाराखडीबरोबरच शिकलो.

मग त्याचं भाषण ऐकलं. येशूच्या थडग्यापाशी जो पायरी झाडतो त्याची ती पायरी, असा रिवाज आहे म्हणाला. म्हणून दुसऱ्या पंथाच्या साधूला ते झाडू लावू देत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे मॉप धरून उभा होतो. माझ्या आजीने अख्खं गाव झाडलं आणि तिला एका ओट्यावर टेकायची मुभा नव्हती.

रविवारी दुपारी चर्चचा हॉल केरळच्या नर्सिंगच्या मुलींना प्रार्थनेसाठी मिळायचा. त्याही ख्रिस्तीच, पण पंथ वेगळा. त्या रविवारी दारापुढच्या तीन पायऱ्यांवर पानांचा खच पडला होता. एक मुलगी म्हणाली, "भैया, झाडू इधर दो. तुम खाना खा लो." मी दिला. तिने पायऱ्या लख्ख केल्या.

बिशप खिडकीतून बघत होता. तरातरा बाहेर आला.

"तिला झाडू कोणी दिला?"

"मी."

"पायऱ्या पुन्हा झाड. त्यांच्यादेखत."

"स्वच्छ आहेत."

"स्वच्छतेचा प्रश्नच नाही. आज पायरी झाडतील, उद्या दार मागतील."

"दोन वर्षं मीच झाडतोय. मग पायरी माझी का?"

"तू पगारी आहेस. नोकराच्या झाडूने हक्क येत नाही."

"हे आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय," मी म्हणालो. "इंग्रजीत आज पहिल्यांदा ऐकलं."

"झाड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी झाडू त्याच्यापुढे धरला. तो घेईल असं वाटलं नव्हतं. पण त्याने घेतला. काळा झगा एका हाताने वर धरून तो झाडायला लागला. मुली दाराशी खोळंबल्या. "पागल है क्या ये बुड्ढा?" मघाची मुलगी पुटपुटली. कोणी हसलं नाही.

तो खालच्या पायरीपासून सुरुवात करून वर चढत होता. वरची धूळ खालच्या झाडलेल्या पायरीवर पडत होती. जेरुसलेममधली पायरीही हा दुसऱ्याच कोणाच्या हातून झाडून घेत असणार, हे तेवढ्यावरून मला कळलं. मी ते त्याला तोंडावर सांगितलं, हॉलची चावी त्या मुलीच्या हातात दिली आणि स्टेशनकडे चालायला लागलो.