डोळखांबच्या मैदानात मोडलेलं नाक

भात झोडून झालं की आमच्याकडे गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. त्या वर्षी डोळखांबला मुलींचा शेवटचा सामना होता आणि चढाईला मी गेले होते. चढाई मी चांगली करते, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. एकीने कंबर धरली, मी रेषेकडे झेप घेतली, आणि बाजूने आलेल्या दुसरीचा गुडघा थेट माझ्या नाकावर बसला.

रक्ताची धार लागली. बायकांनी मला आडवं केलं, डोक्यावर पाणी ओतलं, कुणी कांदा हुंगायला दिला. रक्त घशात उतरून मला उलटी झाली. तेवढ्यात आमच्या संघाची कर्णधार, माझी चुलत बहीण, गर्दी सारत आली. ती नर्सिंग शिकत होती.

"उठून बस. मान मागं नको, पुढं वाक. तोंडानं श्वास घे," असं म्हणत तिने माझ्या नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. "मधेच सोडून बघायचं नाय."

बऱ्याच वेळाने तिने चिमूट सोडली, तेव्हा रक्त थांबलं होतं. सामना आम्ही हरलो. तेच मला जास्त दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नाक दोन्हीकडून बंद झालेलं. आत नुसता ठणका. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं, तर मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पिकल्या करवंदासारखी काळपट लाल, मऊ सूज.

आई म्हणाली, "मार लागला की सूज येतेच गो. हळद लावू, उतरंल."

"बाहेरची उतरंल. ही आतली मला बरी दिसत नाय," मी म्हटलं आणि चपला घातल्या. आई बडबडत का होईना, माझ्यासोबत शहापूरच्या एसटीत बसली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघताच हातमोजे चढवले. "पडद्यात रक्त साठलंय. हे तसंच राहिलं तर आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सडते आणि नाक मधे खचतं. आजच काढायला हवं." त्यांनी नाक बधिर केलं, छोटी चीर देऊन रक्त काढलं आणि दोन्ही नाकपुड्यांत पट्टी भरली. "हाड सरकलंय, ते सूज उतरल्यावर बसवू. पण फार उशीर करायचा नाही, वाकडंच जुळून येईल."

पुढच्या खेपेला त्यांनी नाक मोडण्याआधीचा फोटो मागितला. आईने लगबगीने फोनमधला माझा करंडक घेतलेला फोटो काढला.

"अस्संच करा, बाई. हे आमच्या घरचं नाक हाय. माझ्या सासऱ्यांचं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "पाहुणे बघायला येणार आहेत वाटतं?"

"येतील तवा येतील," आई म्हणाली. "आधी हिला खेळायचंय."

हे वाक्य आईच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच आनंदात मी टेबलावर आडवी झाले. मला भूल दिली आणि जाग आली तेव्हा नाकावर प्लास्टर होतं.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी देईपर्यंत मी मैदानाबाहेर बसले. मग मुरबाडच्या सामन्यात उतरले आणि पहिल्याच चढाईत दोघींना बाद करून परतले. नाकाच्या दांड्यावर बारीकसा उंचवटा राहिलाय. आईला तो अजून खुपतो. मला आवडतो.