कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो

आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरचा माणूस ऐकून हसतो, त्याला इडलीसोबतची वाटी आठवते. हसू द्या. सांबारवडीतला सांबार तो हाच, बाजारात जुडीने मिळतो तो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ह्यांना लकवा मारला. हातपाय बरेचसे सावरले, पण बोलणं गेलं. नुसता घशातून आवाज यायचा. मग रामदासपेठेत बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायला लागले. बाई कसली, माझ्या नातीच्या वयाची पोर, पुण्याकडची. ती चित्रं दाखवायची आणि नाव विचारायची. एक दिवस तिने हिरवी जुडी दाखवली, आणि हे स्वच्छ म्हणाले, "सांबार."

चुकलं म्हणून तिने मान हलवली. मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, अगं बरोबर आहे, आमच्याकडे हेच म्हणतात. तीही हसली. पेढे कुठून आणायचे ते मी मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात तिने घड्याळ दाखवलं. हे म्हणाले, सांबार. चमचा दाखवला, सांबार. माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्या कोण? तर मीसुद्धा सांबारच.

पोरीने मला बाहेर नेऊन सांगितलं, "काकू, मनात त्यांना बरोबर शब्द सापडत असेल, तोंडातून मात्र हा एकच निघतो. आणि आपण बरोबर बोललो, असंच त्यांना वाटत असणार."

मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून. मला आपलं वाटायचं, शब्द म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी निघाली तरी आतली डाळ डाळच राहते. राहते हो, पण झाकण आतून लागलं असेल तर बाहेरच्याने काय करावं?

परवा संध्याकाळी हे काहीतरी मागायला लागले. सांबार. मी पाणी आणलं, नको. स्वेटर आणला, नको. पंखा बंद केला, मुलाला फोन लावून कानाशी धरला, खिडकी उघडली, परत लावली. त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी मला काही सुचेना, म्हणून फ्रीजमधून खरीच जुडी काढून हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. चहा मागावा आणि समोरच्याने चप्पल आणून द्यावी, तसं.

तेव्हा त्या पोरीचं म्हणणं मला उमगलं. हे तर नीटच मागत होते. ह्यांच्या लेखी बिघडले होते मी.

"मले नाही समजून राहिलं हो," मी म्हटलं. "काय पाहिजे तुम्हाले?"

त्यांचा राग एकदम उतरला. उलट माझीच कीव आल्यासारखं त्यांनी माझा हात थोपटला आणि बहिऱ्याला सांगावं तसं एकेक अक्षर तोडून म्हणाले, "सां. बा. र."

मी म्हटलं, "आणते."

ते समाधानाने उशीला टेकले. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. काय न्यावं ते कळेना, आणि आत ते वाट पाहत होते.