मॉनिटरला कुंकू

शेजारच्या काकांना विचारल्याशिवाय आमच्या कॉलनीत कोणी साधा मिक्सरही आणत नाही. आणलाच, तर काका तो बिघडेपर्यंत त्याला नावं ठेवतात. म्हणून घरून काम करायला मॉनिटर हवा होता, तेव्हा मीच त्यांना गाडीवर बसवून अमरावतीच्या बाजारात नेलं.

दुकानदार रिझोल्यूशन सांगत होता आणि काका टरबूज निवडावं तसे एकेका मॉनिटरच्या पाठीवर टिचक्या मारत होते.

“तो पोकळ हाय. हा घे, भरीव वाजून राहिला.”

भरीव वाजणारा मी मुकाट घेतला. घरी काकांनी नारळ फोडला आणि मी “काका, स्क्रीनले नका लावू” म्हणेपर्यंत ओल्या कुंकवाचं बोट मधोमध टेकवलं.

“नवी मशीन बिनापूजेची लावतेत काय बे?”

डाग पुसून पुसून फिका झाला, पण गेला नाही. मीटिंगमध्ये तो नेमका आमच्या खडूस साहेबांच्या कपाळावर येतो.

परवा साहेब मला झापत असताना काका मागे येऊन उभे राहिले. टिळा पाहून त्यांनी भक्तिभावानं हात जोडले. साहेब बोलता बोलता थांबले आणि गोंधळून त्यांनीही हात जोडले.

काका माझ्या कानाशी वाकले. “एवढा भाविक मानूस, अन् तू याले भेतं?”