फळी ठरेपर्यंत

वादळ झालं त्या दुपारी आमच्या आणि शेजारच्या आबांच्या मधल्या दगडी गडग्यावरचा फणस पडला. गडगाही तेवढ्या जागी पडला. नंतर काही दिवस फोन बंद होते. फोन लागेना म्हणून आबांचा मुलगा डोंबिवलीहून गाडी करून आला आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही इथे एकटे राहायचं नाही."

आबा नाही म्हणाले नाहीत. ते कोणालाच नाही म्हणत नसत. समोरचा बोलून थांबला की ते डाव्या हाताने मान चोळत आणि म्हणत, "बघया मा, घाय कित्याक." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडून नकार मिळवायला फार चिकाटी लागते. त्या दिवशी मात्र मुलाने चिकाटी धरली, तेव्हा आबा म्हणाले, "फणसाचा काय तां ठरांदे. मगे येतंय."

मुलगा समाधानाने परत गेला. एका झाडाचं काय करायचं हे ठरायला असा कितीसा वेळ लागणार, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

फणस कोणाचा, हा प्रश्न आमच्यात कधी निघाला नव्हता. पलीकडे पडेल तो फणस आबांचा, अलीकडे पडेल तो आमचा आणि वरच राहील तो वांदरांचा, अशी वाटणी होती. खोड गिरणीवर गेलं. काही लाकूड त्यांच्या वाशांना लागलं, काही माझ्या दाराच्या चौकटीला. मधली एक फळी उरली. माणसाहून लांब, दोन हात रुंद, हळदीसारखी पिवळी. दोन्ही कडांना साल तशीच होती आणि जिथून मोठी फांदी निघाली होती तिथे कड आत वळली होती. ती कापायला आबांचा जीव होईना. त्यांनी पडवीत विटांवर ती आडवी ठेवली आणि रोज सकाळी तिच्यावर थाप मारून कान लावू लागले.

पहिलं वर्षभर त्यांचं म्हणणं रास्तच होतं. ओल्या फणसाची वस्तू केली तर ती पुढे पिळवटते. पण वर्ष उलटल्यावर सुतारकाम करणारा मेस्त आला, त्याने फळी तपासली आणि लाकूड तयार आहे म्हणाला. आबांनी थाप मारली, कान लावला.

"आतसून वल्लां आसा."

"आबानू," मेस्त म्हणाला, "आता तुमी सुकशात, पण ह्यां आणखी सुकाचां नाय."

त्यानंतर मुलाने मला फोन केला. "दादा, तुम्ही वाचणारी माणसं. तुमचं ते ऐकतील. फळीचं काहीतरी ठरवून टाका ना." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पुस्तकं हाताळणारा तो मास्तर, अशा हिशेबाने आबा मला मास्तर म्हणत. मी मासिकांतून चित्रं काढून नेऊ लागलो. आम्ही बोलायचो ते पडलेल्या गडग्यापाशी, ते त्यांच्या बाजूला, मी माझ्या, आणि चहाचे पेले हातात. खाली ठेवायला सपाट दगड एकही नव्हता.

जेवणाचं टेबल दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "टेबलार जेवूक मी काय खानावळीत इलंय?" झोपाळा त्यांना मुळीच पटला नाही. हलत्या वस्तूवर बसून माणूस काही ठरवू शकत नाही, असं त्यांचं मत पडलं. पलंगाचं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग दुखावल्यासारखे म्हणाले, "जल्मभर तेच्या बुडाक शेण घातलंय. आता तेच्या उरार निजू?"

मध्येच किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचा माणूस फळी पाहून गेला. त्याला काउंटर करायचा होता. काउंटरचं काय करतात, असं आबांनी चौकसपणे विचारलं. लोक त्याच्यासमोर उभे राहतात, असं त्याने सांगितलं. आबांनी मान चोळली. नुसतंच उभं राहायचं तर त्याला फळी कशाला, भिंत पुरे, असं म्हणून त्यांनी त्याला कोकम सरबत पाजलं आणि वाटेला लावलं.

शेवटी मुलगाच म्हणाला, देवाला विचारा. आबा आनंदाने तयार झाले. आयुष्यभर पाळलेला देव आपल्याला मुंबईला धाडणार नाही याची त्यांना खात्री होती. मी सोबत गेलो. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या आणि फळी ठरवून मुलाकडे जावं का, असं गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान फळयेचा ठरवन झिलाकडे जावचां काय, तां सांग. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणालो. उजवी पाकळी लगेच पडली. उजवा कौल म्हणजे होकार.

आबा क्षणभर पाकळीकडे पाहत राहिले. मग गुरवाकडे वळले.

"दोन सवाल एकात घातलंस. देव खंयच्याक व्हय म्हणालो?"

गुरव म्हणाला, दोन्हीला. आबा म्हणाले, तसं देव बोललेला नाही. फळी ठरवायला त्याची हरकत नाही एवढंच यातून निघतं, आणि काय ठरवायचं ते त्याने आपल्यावरच सोडलेलं आहे. गुरवाने हात जोडले. देवाला की आबांना, ते कळलं नाही. परतताना आबा रिक्षात अगदी प्रसन्न होते.

मग मे महिन्यात मुलगा मेस्ताला घेऊनच आला. टेबल करायचं, मापं आजच घ्यायची. मुलाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. वादळात फोन लागत नव्हता तेव्हा आपल्याला जेवण गेलं नव्हतं, हे त्याने मला सांगितलं होतं. मेस्ताने टेपचं एक टोक आबांच्या हातात दिलं. फळी मोजली तर पहिल्यांदा एक माप आलं, दुसऱ्यांदा दुसरं, तिसऱ्यांदा तिसरंच. मेस्त टेपला शिव्या घालू लागला. मी आबांच्या बाजूला उभा होतो. टेपचं टोक त्यांच्या बोटांतून दर खेपेला थोडं मागे सरत होतं.

तुम्हाला हे एव्हाना कळलं असेल. मला तेव्हा कळलं. फळी ठरली की घराला कुलूप लागणार होतं.

मी मेस्ताला सांगितलं की टेबल इतकं लांब झालं तर डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये मावणार नाही. हे मी मोजलं नव्हतं. मुलगा विचारात पडला आणि मापं राहिली.

त्या दिवसापासून मी वाईट सूचना करू लागलो. कोंबड्यांचं खुराडं. होडीची फळी, आणि होडी नंतर बघू. ग्रामपंचायतीला नावाची पाटी. आबा प्रत्येक सूचना गंभीरपणे ऐकत, रात्रभर तिचा विचार करत आणि सकाळी खेदाने नाकारत. मुलाला फोनवर कळवत, "मास्तरान बरां सुचवल्यान, पण जमणा नाय." मुलगा मला फोन करून आभार मानायचा.

एका सकाळी मला काहीच वाईट सुचेना. हातात गरम पेला होता, तो कुठे टेकावा कळत नव्हतं. मी म्हटलं, "आबा, ह्या पडलेल्या गडग्यावरच घालूया ती. चहा ठेवायला."

इतकं चांगलं लाकूड उन्हापावसात टाकायचं, याहून वाईट सूचना नव्हती. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत होतो. आबांनी गडग्याच्या खिंडाराकडे पाहिलं. मग हात कोपरात दुमडून हवेतच टेकवल्यासारखा केला, फळी तिथे असती तर जिथे टेकला असता तिथे.

"पावसान कुजात," ते म्हणाले.

"म्हणून तर म्हटलं."

"कुजाक किती वर्सां लागतली?"

"फणस आहे. दहा-पंधरा तरी."

या वेळी त्यांनी मान चोळली नाही.

"माका तितकी पुरे." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्यां कोणाक सांगू नको हां."

दुसऱ्या दिवशी मी फळीचा मासे विकायचा गाडा करू असं सुचवलं. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी आबा गडग्यापाशी आले नाहीत. मी खिंडारातून पलीकडे गेलो. ते आपल्या खोलीत, आपल्या अंथरुणात होते.

मुलगा आला, दिवसकार्य झालं. जाण्याआधी तो पडवीत बसला आणि म्हणाला, आता ह्या फळीचं काय ते ठरवतो, मग घर काढून टाकतो. दिवाळीत तो आला तेव्हा पलंग करायचं त्याच्या मनात होतं. दोन दिवस राहिला आणि पलंग नको म्हणाला. शिमग्याला आला, तेव्हा मेस्ताने टेबलाचं पुन्हा विचारलं. मुलाने फळीवरून हात फिरवला आणि लाकडावर थोडा विचार करायला हवा म्हणाला. त्या खेपेला तो आठवडाभर होता. विहीर साफ करून घेतली, दोन कौलं बदलली.

फळी अजून पडवीत विटांवर आहे. गडगा पडला तिथे तसाच उघडा आहे. मुलगा मे महिन्यात येणार आहे. गडग्याचं मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.