काकीला हवी होती माझी सर्दी

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते, तेव्हा मालवणजवळच्या आमच्या देवबागात मोबाईलची रेंज फक्त जेटीवर मिळायची. माझं काम असं : सर्दीचा एक विषाणू घ्यायचा, त्याची फैलावण्याची ताकद काढून घ्यायची आणि त्याच्यात दोन जीन घालून तो कॅन्सरच्या पेशींवर सोडायचा. एक जीन पेशीची बेसुमार वाढ थांबवणारा, दुसरा तिला मरायला लावणारा. काचेच्या बशीत दोघं मिळून झकास काम करत होते, त्यामुळे मी हवेत होते.

गणपतीला घरी आले आणि ओसरीवर सगळ्यांना हे समजावून सांगितलं. शेजारची काकी, मालवणच्या बाजारात मासे विकणारी, कान देऊन ऐकत होती.

"दोन कशाक गो? एकान भागणा नाय?"

"एकट्याक ती पेशी फसवता, काकी. दोघांक फसवूक कठीण."

दुसऱ्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या. एसटीत कुणाकडून तरी लागलेली साधी सर्दी. पण तिसऱ्या दिवशी अर्धी वाडी शिंकू लागली, भजनीबुवांचा आवाज बसला आणि आरतीला सगळे माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले. "पुण्याचो व्हायरस हाडलान!" मी काही आणलेलं नाही म्हणून शपथा घेतल्या. कोण ऐकतो!

एकटी काकी मला चिकटून बसायची. माझा उष्टा चहा प्यायली, माझा रुमाल धुवायला म्हणून घेऊन गेली. पाचव्या दिवशी मला माडाखाली गाठून भांडायलाच लागली.

"सगळ्या गावाक दिलंस, माकाच कशी नाय लागणा तुझी सर्दी?"

"तुका ती कित्याक होयी?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, माझा हात धरून पदराआड नेला. छातीत सुपारीएवढी गाठ. शिमग्यापासूनची. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, बाहेरगावच्या मुलालाही नाही.

ही सर्दी वेगळी, ती वेगळी, तीही अजून बशीतच आहे, हे मी तिला तीनदा सांगितलं. शेवटी म्हटलं, "तू डॉक्टराकडे नाय इलंस, तर मी जेटीवर जावन तुझ्या झिलाक फोन करतंय." तेव्हा ती तयार झाली.

विसर्जनानंतर आम्ही गोव्याच्या मोठ्या इस्पितळात निघालो. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणीला पोलीस गाडीत चढला. काकीच्या मांडीवरच्या फडक्याच्या गाठोड्याला त्याने काठी लावली.

"बाई, गाठीत काय आहे?"

"ताच बघूक चाललंव," काकी म्हणाली.

गाठोड्यात सुके बांगडे होते. वास येताच तो खाली उतरला. त्या प्रवासात काकी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली.

कॅन्सरच निघाला, पण लहान होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले नि आले. पुढच्या गणपतीला ती पुन्हा बाजारात बसत होती.

माझे विषाणू मात्र उंदरांत गेले आणि हरले. उंदरांच्या शरीराने त्यांनाच शत्रू समजून संपवलं, गाठी परत वाढल्या. हे सांगायला मी बाजारात गेले, तेव्हा माझा चेहरा पडला असावा. काकीने सुरी थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"मगे आता काय करतलंस?"

"परत पहिल्यापासून."

"कर तर," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला सुरमईचा भाव सांगू लागली.